रंगाचा डबा

बाथरूममध्ये घसरल्यापासून म्हातारा रंगारी घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझारा घालायचा आणि सून त्याच्या मागोमाग हात पसरून फिरायची. त्याने साधा पाण्याचा पेला उचलला तरी ती म्हणायची, "बाबा, द्या इकडे!"

आज व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला ओट्यापाशी एका पायावर उभं केलं. जन्म शिडीवर काढलेला माणूस, पण पाय लगेच लटपटला. सुनेने दंड धरला. तो हिसडून रंगारी तरातरा गॅलरीत गेला आणि रंगाचा अर्धा भरलेला जुना डबा घेऊन आला.

"ठेवा तो, पडाल!" सून ओरडली.

"धरू द्या," बाई म्हणाल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

डब्याच्या ओझ्याने डावा हात ताणला गेला, तसं जुन्या सवयीनं अंग आपसूक तोललं. रंगाऱ्याने पाय उचलला. पोटरी थरथरली, पण तो उभा राहिला.

"आता तरी द्या इकडे," सून रडकुंडीला आली.

"पोरी, पडलो मी एकदाच. पण तुम्ही हातातलं सगळं काढून घेतलंत, तिथूनच तोल गेला माझा."

सुनेला आपले रिकामे हात कुठे ठेवावेत तेच कळेना.