एलेव्हेटरची पिन

"अहो, हे काय निघालं तुमच्या खिशातून?"

चारुलताबाई मोरीत कपडे भिजवायला बसल्या होत्या. भगवंतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून चहा पीत होते. बाईंनी ओल्या चिमटीत धरून पुढं केलेली वस्तू त्यांनी पाहिली आणि कपबशी तशीच उंबऱ्यावर ठेवली. केसांच्या आकड्याएवढी, दुमडलेल्या तारेची एक स्प्लिट पिन होती. कोरी. दोन्ही पाय सरळ.

"कालचाच शर्ट ना हा?" त्यांनी विचारलं.

"कालचाच. का हो?"

"तेजू उठली का?"

"उठली? ती केव्हाच गेली. तुम्ही अंघोळीला होता तेव्हा नईम साहेबांचा फोन आला. आज वारा पडलाय, रविवारची वाट कशाला बघायची, विमान आजच उडवून घेऊ म्हणाले." बाईंनी शर्ट पिळला. "बाबांना सांगू नकोस म्हणाली, उगाच परेशान होतील."

भगवंतराव बाहेरच्या खोलीत गेले आणि धावपट्टीवरच्या ऑफिसचा नंबर फिरवू लागले. बोट चुकलं. परत फिरवला. पलीकडं घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

भगवंतराव म्हणजे भालकीकडच्या शेतकरी घरातला, हैदराबादेत नोकरीला येऊन राहिलेला माणूस. सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. जन्मभर त्यांनी यंत्रांच्या सुट्या भागांची चित्रं काढली. ते भाग जोडून झालेली यंत्रं कुठं गेली, कशी चालली, हे त्यांच्या नजरेला कधी पडलं नाही. एकदा एका परदेशी मासिकात घरी बांधायच्या विमानाचे नकाशे विकत मिळतात असं त्यांनी वाचलं, आणि नकाशे मागवले. दिलसुखनगरच्या घरामागं पत्र्याची शेड उभी राहिली. कारखान्यातली माणसं हसली. मग देशाचा कारभार बदलला, आयातीची दारं उघडली, इंजिन बाहेरून आणता आलं आणि लोक हसायचे थांबले. खाजगी विमान कंपन्या निघाल्या, तेव्हा त्यांच्या मुलीनं, तेजश्रीनं, पायलट व्हायचं ठरवलं. तिच्या हाती लायसन्स आलं तोवर जिथं नोकरी ठरली होती ती कंपनीच बुडाली होती.

विमानात एकाच माणसाची जागा होती आणि तो माणूस भगवंतराव असणार होते. त्यांनी फ्लाइंग क्लबात शिकूनही घेतलं होतं. पंख जोडले, शेपटी जोडली, तेव्हा त्यांचा हात एकदाही अडखळला नव्हता. पडलो तर आपण पडू, असा सरळ हिशेब होता. पण तपासणीत डॉक्टरांना त्यांच्या हृदयाचे ठोके चुकताना दिसले आणि त्यांनी विमान उडवायला मनाई केली. त्याच दिवशी जेवताना तेजश्री सहज म्हणाली, "मी उडवते की, बाबा."

बाईंनी तिच्याकडं कौतुकानं पाहिलं. भगवंतरावांच्या हातातला घास हातातच राहिला.

तेव्हापासून त्यांना आपल्याच कामाची भीती बसली. नईम साहेबांनी, म्हणजे धावपट्टीवरच्या इंजिनिअरनं, विमानाचा प्रत्येक सांधा तपासून पास केला होता. तरी भगवंतराव ऑफिस सुटलं की बस पकडून तिकडं जायचे आणि कुणी नाही असं बघून एखादा बोल्ट उघडायचे. आत बघायचे, परत बसवायचे. तपासणीनंतर सांधा उघडणं हा गुन्हाच, हे त्यांना ठाऊक होतं. सांगितलं तर नईम साहेब सगळं परत तपासतील, आणि का उघडलंत म्हणून विचारतील. 'भीती वाटते' हे उत्तर त्यांना कुणाला द्यायचं नव्हतं.

काल त्यांनी एलेव्हेटरचा सांधा उघडला होता. एलेव्हेटर म्हणजे शेपटीला बिजागऱ्यांवर बसवलेली आडवी फळी. पायलटनं दांडा मागं ओढला की ती वर उठते आणि विमान नाक वर करतं. दांड्याचा ओढा तिच्यापर्यंत नेणारी सळई एकाच बोल्टनं तिला जोडलेली असते. बोल्टला नट, आणि नट फिरून सुटू नये म्हणून त्यातून आरपार पिन घालून तिचे पाय फाकवायचे. ती पिन नसेल तर इंजिनाच्या थरथरीनं नट हळूहळू उलटा फिरू शकतो. नट गळला, बोल्ट निसटला, की आकाशातल्या माणसाच्या हातात नुसता दांडा उरतो.

ते चपला घालून बाहेर पडले. बाई मागून काहीतरी विचारत होत्या. कोपऱ्यावर ऑटो मिळाली.

"सागर रोड. जल्दी चलो."

"इतने जल्दी में कां जारें साब? सब खैरियत?"

"तुम चलाओ."

ऑटोत त्यांनी डोळे मिटले आणि कालची संध्याकाळ आठवायला घेतली. नट घट्ट केला होता. ते नक्की. पाना हातातून ठेवला होता. मग चौकीदारानं हाक मारली होती, "सार, गेट लगाता हूं." पिन त्याच्या आधी लावली की नंतर लावणार होतो? डोळ्यांपुढं पिन लावणारे स्वतःचे हात स्पष्ट दिसत होते, पक्कडीनं पाय फाकवताना. पण ते हात कालचे होते की परवाचे, की पहिल्यांदा शेपटी जोडली तेव्हाचे, हे कळत नव्हतं. इतक्या वेळा उघडलं आणि लावलं होतं की सगळ्या संध्याकाळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कधीकधी ते जास्तीची पिन खिशात टाकून ठेवत. ही तीच असेल. असेल की. त्यांनी ती मुठीत इतकी आवळली होती की तळव्याला टोचत होती.

सिग्नलला ऑटो थांबली. त्यांनी डोकं बाहेर काढून आकाशाकडं पाहिलं. आकाश निवळ होतं, उडायला कसली अडचण नव्हती, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

फाटकाशी उतरल्या उतरल्या त्यांना आवाज ऐकू आला. विमान वर होतं.

पिवळं, लहानसं, ताडांच्या रांगेवरून ते वळत होतं. नईम साहेब धावपट्टीच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे होते. भगवंतराव त्यांच्यापर्यंत पोचले. आता सांगून काय होणार होतं? विमानात वायरलेस नव्हता. तिला खाली बोलावायला कुणाचा हात पोचणार नव्हता.

"बैठो साब," नईम साहेब त्यांच्याकडं न बघता म्हणाले. "बच्ची ने सब देख लिया. कायकू घबराते?"

भगवंतराव बसले नाहीत. त्यांची नजर शेपटीवरून हलत नव्हती. इतक्या लांबून शेपटी म्हणजे नुसती एक रेघ. तेजश्रीनं एक वळसा घेतला, दुसरा घेतला. प्रत्येक वळणाला ते मनात म्हणत, पुरे, आता ये. आणि येण्याचीही त्यांना धास्ती होती, कारण उतरताना सगळा भार त्या फळीवरच. पंख सरळ झाले, इंजिनाचा आवाज बसला आणि विमानाचं नाक एकदम खाली गेलं. भगवंतरावांनी नईम साहेबांचा दंड धरला.

"उतर रई है," नईम साहेब म्हणाले. "उतरने को नाक नीचे करना पड़ता."

जमिनीजवळ नाक अलगद वर आलं. चाकं टेकली, थोडी उसळली, परत टेकली. विमान धुरळा मागं टाकत त्यांच्याकडं येऊन थांबलं.

तेजश्री उतरायच्या आधीच भगवंतराव शेपटीशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी फळी उचलून खाली वाकून पाहिलं. पिन जागेवर होती, पाय व्यवस्थित वळवलेले. त्यांनी तिला बोट लावलं. म्हणजे लावली होती. म्हातारपणी डोकं नुसतं भ्रमिष्ट झालंय, हात अजून बरोबर आहेत. त्यांना हसू आलं.

"मी लावली ती, बाबा."

तेजश्री मागं उभी होती. चेहरा वाऱ्यानं लाल झालेला, केस विस्कटलेले.

"नट घट्ट होता," ती हळू म्हणाली. "पिन नव्हती. निघायच्या आधी फिरून बघितलं तेव्हा दिसलं."

"नईम साहेबांना?"

"सांगावंच लागलं. मग आम्ही दोघांनी सगळे सांधे परत तपासले. नाहीतर तुम्ही यायच्या आत उतरले असते."

भगवंतरावांनी नईम साहेबांकडं पाहिलं. ते पाठमोरे होऊन इंजिनावरचं झाकण उघडत होते. इतका वेळ शेजारी उभा राहून तो माणूस त्या पिनेबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

"घाबरला होता ना तुम्ही?" तेजश्रीनं विचारलं.

"हौ." ते अजून गुडघ्यावरच होते. "माझ्यासाठी कधी वाटलं नाही तसं. तुझं ठरलं आणि मग हातच..."

"मीपण घाबरले होते. पिन नाही दिसल्यावर तर जास्तच." ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "यापुढं काही उघडायचं तर मला विचारून, बाबा. मी नसेन तर उघडायचं नाही."

हे तिनं हळुवारपणे सांगितलं, पण विनंती केली नव्हती.

"बरं," ते म्हणाले.

तिनं हात दिला, तो धरून ते उठले. मग ऑफिसात जाऊन त्यांनी घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला बाईंनी उचलला.

"उतरली," ते म्हणाले.

"कशी उडाली हो?"

"छान उडाली. निघायच्या आधी तिनं सगळं नीट बघून घेतलं होतं."

"आणि तुम्ही तसेच धावत गेलात, चहा टाकून," बाई म्हणाल्या. "आता दोघं बरोबरच या जेवायला."

भगवंतराव बाहेर आले. तेजश्री आणि नईम साहेब इंजिनाशी वाकून बोलत होते. ती हातानं काहीतरी दाखवत होती, ते मान डोलवत होते. शेडच्या सावलीत, विमानांपासून दूर, पाहुण्यांना बसायला एक बाक होता. इतक्या वर्षांत भगवंतराव त्यावर कधी बसले नव्हते. ते तिकडं गेले, रुमालानं धूळ झटकली आणि तिचं काम संपेपर्यंत तिथं बसून राहिले.