गुलाबी फळीवरचं मेतकूट

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. देवासला वीरेंद्रभियांच्या किराणा दुकानात सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर माझी जागा. आधी मी खातेगावच्या एका गोदामाचं दार होते. तिथे निदान लोक मला ढकलत तरी होते. इथे कुणी बघतही नाही.

एकदा शेजारच्या चारुलताअक्कांनी घरच्या जात्यावर दळलेल्या मेतकुटाच्या दहा पुड्या आणल्या. वर जागा नव्हती, म्हणून त्या माझ्यावर आल्या. "संक्रांतीपर्यंत खपलं तर करत राहीन," अक्का म्हणाल्या. "सूनबाई म्हणते, इथे हे खातंय कोण? नाही खपलं तर जातं अडगळीत टाकते."

पंधरा दिवस एकही पुडी हलली नाही. दोष माझाच असेल का?

मग लग्नसराई आली. वीरेंद्रभियांनी मला गुलाबी रंग दिला आणि पुड्यांच्या दोन्ही बाजूंना गुलाबजल व मुलतानी माती मांडली. दोन दिवसांत चार पुड्या गेल्या! मी हरखून गेले. पण आत कुठेतरी खुटखुटत होतं. पूड तीच, पुडी तीच, मग हे झालं कसं?

तिसऱ्या दिवशी पुडी नेलेल्या यमुनाबाई तोंड पुसत, तणतणत आल्या.

"भिया, यो कसो उबटन? आखा मूंडा पे हींग की बास आवे!"

भिया पोट धरून हसले. तेवढ्यात अक्का आल्या, तसे म्हणाले, "अक्का, उबटन, म्हणजे तुमचं उटणं, समझके घेतायत लोक! नावच बदला ना. गुलाबी कागद मी देतो."

अक्कांनी एक पुडी हातात घेतली. त्यांनी हो म्हटलं असतं, तर जातं फिरत राहिलं असतं, पण मेतकूट संपलं असतं.

"डाळी भाजताना हाताला चटके बसले ते लोकांनी नाकाला फासायला होय रे?" असं म्हणून त्या घरी गेल्या. थोड्या वेळानं आल्या त्या गरम मऊभाताचं पातेलं घेऊन. वर तूप आणि मेतकूट. तिथेच थांबलेल्या यमुनाबाईंनी नाक मुरडतच घास घेतला.

"अरे, यो तो खावा की चीज हे!"

त्याच दिवशी उरलेल्या पुड्या मधल्या फळीवर, तांदूळ आणि पापडांच्या शेजारी गेल्या. संक्रांतीआधीच संपल्या. मला आनंद झाला, आणि थोडं रितंही वाटलं.

मित्रांनो, मोठ्यांची नजर माझ्यापर्यंत पोचत नाही, तुमची पोचते. पण तुम्हीही उंच व्हाल. तेव्हाही कधी उकिडवे बसा, वस्तू हातात घ्या, तिचं नाव वाचा. नुसत्या शेजाऱ्यावरून तिला ओळखू नका.

आता अक्कांना हुरूप आलाय. काल त्यांनी आमसुलाच्या सरबताच्या लालभडक बाटल्या आणल्या. वर जागा नव्हती. त्या माझ्यावर, फिनाइलच्या शेजारी उभ्या आहेत. मला चैन नाही. कुणीतरी लवकर या, आणि जरा वाका.