कारण : दात

दात हे मनुष्याच्या सर्व दुःखांचं मूळ आहे, असं रायपूरच्या शंकर नगरातले निवृत्त हेडक्लार्क गंगाधरराव देवपुजारी गंभीरपणे सांगत. सांगताना त्यांची कवळी बहुधा खिडकीतल्या वाटीत असे, त्यामुळे 'दात' हा शब्द नीट उमटत नसे. पण घरात त्यांना दुरुस्त करण्याची पद्धत नव्हती.

त्यांची नात मंजिरी आठ महिन्यांची होती. तिचे दात अजून शून्य होते. तरी गेले तीन महिने घरातल्या प्रत्येक घटनेचं कारण तेच होते. लाळ गळते, दात. रडते, दात. एकदा तिच्या गादीत लाल मुंगी सापडली. ती उचलून फेकल्यावर मंजिरी हसू लागली, पण कारण बदललं नाही.

सरकारी नोकरीत गंगाधररावांनी बत्तीस वर्षं प्रत्येक फायलीवर 'नियमानुसार' असा एकच शेरा मारला होता आणि एकही फाईल परत आली नव्हती. आता त्यांनी नातीसाठी वही घातली होती. रकाने चार : वेळ, शी, शू, कारण. शेवटच्या रकान्यात वर एकदा 'दात' लिहिलं होतं. खाली पानभर 'तदैव', म्हणजे वरचंच.

उपाय शांताबाईंच्या, म्हणजे आजीच्या, हाती होता. ज्येष्ठमधाची कांडी! दोऱ्यानं झबल्याला बांधलेली ती कांडी मंजिरी चघळे, तोंडातून सुटली की ती फरशीवरून घसटत जाई, आजी पदरानं पुसत आणि पुन्हा तिच्या तोंडात देत. कांडी पाच दिवसांपासून तीच होती. पदरही स्वयंपाकघरातलाच.

रविवारी मंजिरीला जुलाब सुरू झाले. सोमवारी सकाळपर्यंत वहीत अकरा नोंदी झाल्या.

"आई, हिले तहान लागली असंल. पाजू का थोडं?" सून ज्ञानदानं विचारलं.

"काही नको. दात निघून राहिले की पोट वाहतेच. जितकं पाजशीन तितकं निघंल. भार्गवच्या टायमाले मी दोन दिवस पाण्याचा थेंब नाही देल्ला."

"मंग?"

"मंग काय? लागला न नोकरीले!"

भार्गव, म्हणजे ज्ञानदाचा नवरा, तेलीबांध्याच्या ऑफिसात होता. तिनं त्याला फोन केला. तो म्हणाला, "मम्मी को एक्सपीरियन्स है यार."

अकराच्या सुमारास मंजिरीचं रडणं थांबलं. कांडी तोंडातून गळून पडली, तरी तिनं ती मागितली नाही.

"पाहा," शांताबाई समाधानानं म्हणाल्या, "कशी शांत झाली पोट्टी. आराम पडला."

गंगाधररावांनी लिहिलं : ११.१०, शांत. कारण, तदैव.

बारा वाजता फाटक वाजलं. मागच्या पाऱ्यातली, म्हणजे कॉलनीमागच्या वस्तीतली, मितानिन मीराबाई लसीकरणाची यादी घेऊन आली होती. मितानिन म्हणजे वस्तीतलीच, सरकारनं शिकवून तयार केलेली आरोग्य कार्यकर्ती. कॉलनीत तिला फाटकाच्या आत घेत नसत. कॉलनीतले लोक शिकलेले होते.

"आमच्या घरी डॉक्टर आहे, बाई," गंगाधरराव आतूनच म्हणाले. त्यांना फॅमिली डॉक्टर म्हणायचं होतं. तोही महिनाभर सुटीवर होता.

पण ज्ञानदा मंजिरीला खांद्यावर घेऊनच फाटकाशी गेली होती. मीराबाईनं यादी बाजूला ठेवली. विचारलं नाही, सरळ आत आली, हात धुतले आणि पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. मग हळूहळू, फार हळू, खाली बसली.

"नोनी ल कतका बेर ले अइसने हे?" पोर कधीपासून अशी आहे, असं तिनं विचारलं.

"दात निघून राहिले न तिचे," शांताबाई म्हणाल्या.

"दाँत ह मसूड़ा ले निकलथे, दाई. पेट ले नई निकलय."

"अहो, आम्ही पोरं वाढवली आहेत!" शांताबाई फणकारल्या.

"महूँ पोसे हव." मीराबाईनंही पोरं वाढवली होती. तिचा आवाज चढला नाही. "मोर पहिली नोनी के बेर घलो सब झन दाँतेच कहे रहिन."

तिच्या पहिल्या मुलीच्या वेळीही सगळे दातच म्हणाले होते. त्या मुलीचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नाही.

मग ती गंगाधररावांकडे, त्यांच्या हातातल्या वहीकडे वळली. "बाबूजी, कॉपी मा लिखथव न? नोनी कब मूतिस हे, देखव."

गंगाधररावांनी चष्मा चढवला. शूच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वर सरकवत नेलं. सोमवारची सकाळ, कोरी. पहाट, कोरी. मागचं पान उलटलं. रविवार, रात्री नऊ.

पंधरा तास! आणि ते सगळे पंधरा तास त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून ठेवले होते! पोर शांत झाली नव्हती, रडायला तिच्या अंगात पाणीच उरलं नव्हतं!

कोऱ्या रकान्याचं कारण लिहायची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वेळ आली होती. पेन हातात होतं. 'तदैव' लिहवेना.

"ज्ञानदा," ते कसेबसे म्हणाले, "चाल. दवाखान्यात चाल. मी ऑटो आणतो." कवळी वाटीतच राहिली.

मीराबाईनं पिशवीतून ओआरएसचं पाकीट काढलं, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलं आणि ज्ञानदाच्या शेजारी ऑटोत बसली. पोरीच्या ओठांशी चमचा, थांबणं, पुन्हा चमचा. "दूध घलो पियावत रहिबे, बेटी. बंद झन करबे." दूध पाजणंही बंद करायचं नव्हतं. ज्ञानदा "हव" म्हणाली आणि रडू लागली.

दवाखान्यात सलाइन लागलं. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. नोंदींचं कौतुक केलं. मग शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं, "ये किसने लिखा?"

"मैंने," गंगाधरराव म्हणाले आणि तो रकाना त्यांनी त्यांच्यासमोरच खोडला. बत्तीस वर्षांतली ही त्यांची पहिली खाडाखोड.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजिरी खणखणीत आवाजात रडली. एवढं चांगलं रडणं घरातल्या कोणी कधी ऐकलं नव्हतं. शांताबाईंनी कांडी स्वतः तोडून कचऱ्यात टाकली आणि मीराबाईला विचारलं, "मंग हिरड्या शिवशिवल्या तर काय करू वो?" उत्तर साधं होतं : हात साबणानं धुवायचे, बोटानं हिरडी हळू चोळायची, नाहीतर स्वच्छ धुतलेला ओला गार कपडा चावायला द्यायचा. आणि जुलाब, ताप, सुस्ती दिसली की दातांचं नाव घ्यायचं नाही. आता मीराबाई बैठकीत खुर्चीवर बसून चहा घेते.

वाचकहो, आपण सगळेच शिकलेले. कारण माहीत असलं की बघण्याचे कष्ट वाचतात, म्हणून आपण कारण आधीच लिहून ठेवतो. लेकरू गप्प झालं की त्याला बरं वाटलं, असं समजू नका. त्याच्याकडे बघा, त्याला पाजत राहा. आणि फाटकाशी कोणी जाणतं उभं असेल तर आत घ्या.

मंजिरीला पहिला दात अकराव्या महिन्यात आला. त्या दिवशी तिला काहीच झालं नाही.