पांढरे स्केट्स, नऊ नंबर

“नऊ नंबरचे काळे एकही नाहीत?” मर्विन टॉफ्टने काउंटरवर कोपरं टेकत विचारलं.

“शनिवार आहे, कोच. सगळे भाड्याने गेलेत,” नादिया म्हणाली. नऊ नंबरचे काळे हॉकी स्केट्स काउंटरखाली, तिच्या पायाशी, फडक्यात गुंडाळलेले होते.

हार्लन लेक गावातल्या ह्या बर्फाच्या रिंकवर ती तीस वर्षं लोकांच्या स्केट्सना धार लावत होती आणि गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलली नव्हती. आज बोलली, आणि जीभ जराही अडखळली नाही. मर्विनची स्केट्सची बॅग रेजायनाच्या विमानतळावर राहिली, ही बातमी सकाळीच गावभर झाली होती. चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडून समुद्रकाठी राहायला गेलेल्या ह्या म्हाताऱ्या हॉकी कोचचं नाव आज रिंकला द्यायचं होतं. पंधरा मिनिटांनी त्याने बर्फावर एक फेरी मारायची आणि मधोमध पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, टाकायचा, असं ठरलं होतं. साधे बूट घालून बर्फावर उतरणं त्याच्यासारख्याला मरणाहून वाईट.

तिने गोलकीपरचे स्केट्स पुढे सरकवले. “पातं सपाट आणि बुटकं आहे. उभं राहायला उत्तम. पण अकरा नंबर, पाय आत गरगर फिरेल तुमचा.”

“आणि ते पांढरे?”

“फिगर स्केटिंगचे. बरोब्बर नऊ. पातं लांब, तोल चांगला राहतो. सकाळीच धार लावलीय.”

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि धारेतही तिने कसर ठेवली नव्हती. हत्यार बिघडवून सूड उगवणाऱ्यांतली ती नव्हती. हॉकीच्या स्केट्सचं पातं पुढून गोल असतं, खेळाडू चवड्याच्या टोकाने बर्फ मागे रेटतो आणि सुसाट निघतो. पांढऱ्यांच्या पात्याला पुढे दाते असतात. तसं रेटलं की दाते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर जातो. हे मर्विनलाही पक्कं ठाऊक होतं. त्याने दात्यांवरून अंगठा फिरवला आणि हसला.

“टाचेवर भार ठेवीन. एक फेरी तर मारायचीय,” तो म्हणाला. हॉकीवाल्यांची नेहमीची घमेंड. डोकं काहीही म्हणो, पाय आपल्या सवयीनेच चालतात.

नादियालाही हे बारा वर्षांची असताना असंच कळलं होतं. भावाचे जुने काळे स्केट्स घालून दोन हिवाळे शेतातल्या गोठलेल्या तळ्यावर खेळली, आणि मग संघाच्या निवडीला आली. मर्विन तेव्हा बावीस वर्षांचा कोच होता. मुलींचे स्केट्स पांढरे असतात, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि तिचे काळे काढायला लावले. गारठलेल्या बोटांना लेस सुटेना, तेव्हा म्हणाला, “तुझे तू सोड. इथे आई नाही तुझी.” मग हे असलेच पांढरे पायात, आणि तिसऱ्या पावलाला समोरचे दोन दात बर्फावर. सगळे हसले. कठड्याशी उभा असलेला तिचा बापही हसला. त्यानंतर नादियाने बर्फावर पाय ठेवला नाही. बापाशीही ती पुन्हा कधी नीट बोलली नाही.

ती काउंटरच्या खिडकीतून बघत राहिली. वाद्यं वाजली, लोक उठून उभे राहिले. मर्विनने अर्धी फेरी झकास मारली. मग टाळ्या वाढल्या, अंगात जुनं वारं शिरलं आणि त्याने चवड्याने बर्फ रेटला.

तो सपशेल तोंडावर आला. त्याची कवळी घरंगळत बर्फावरच्या निळ्या रेषेपर्यंत गेली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खं गाव हसलं. नादियाही हसली, पोट दुखेपर्यंत. पन्नास वर्षांनी तिला मोकळं मोकळं वाटलं. छोट्या संघातली एक मुलगी काळ्या स्केट्सवरून झर्रकन गेली, कवळी हातमोज्यात उचलून त्याला दिली आणि तशीच उलटी वळून रांगेत उभी राहिली. तिच्याकडे बघता बघता नादियाचं हसू ओसरलं.

मर्विन परत आला तो ओठाला रुमाल लावून. बाकावर बसला, वाकला, आणि लेसशी झटू लागला. गाठ सुटेना.

“जरा सोडतेस का गं?” तो म्हणाला.

“तुझे तू सोड,” नादिया म्हणाली.

त्याची बोटं थांबली. त्याने मान वर करून आधी तिच्या डोळ्यांकडे आणि मग तिच्या समोरच्या, डॉक्टरने बसवलेल्या दोन दातांकडे पाहिलं.

“स्टेफ्युकची पोरगी,” तो म्हणाला.

“हो.”

तिने खाली वाकून फडकं उलगडलं आणि काळे स्केट्स काउंटरवर ठेवले. टाचेवर पांढऱ्या रंगात नऊचा आकडा होता.

“हे मघाशी होते?”

“होते.”

कवळी खिशात होती, त्यामुळे मर्विनचे गाल पार आत गेले होते. तो पुन्हा वाकला आणि गाठ नखाने कोरू लागला.

नादिया पाती पुसायचं फडकं हातात घेऊन उभी राहिली. दोन्ही गाठी सुटायला बराच वेळ लागला.