विसाच्या नोटेवरचा पाय

बुआलोय एकतीस वर्षं बँकॉकच्या बसमध्ये तिकिटं फाडत होती. डाव्या हातात पत्र्याची लांबट नळी, नळीत एका बाजूला तिकिटांच्या गुंडाळ्या, दुसऱ्या बाजूला सुटी नाणी. झाकण कटकट वाजवलं की पेंगणारा माणूससुद्धा खिशात हात घालायचा. पैशाचा मान कसा ठेवायचा हे या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. नाणं पडलं तर वाकून हातानं उचलायचं, कपाळाला लावायचं, मग नळीत टाकायचं. नोटेचंही तेच. नोटेवर राजेसाहेबांचा चेहरा असतो आणि पाय म्हणजे पाय, तो त्या चेहऱ्याला लागला तर थेट तुरुंग, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण पायाला मेलं डोकं कुठे असतं!

एप्रिलातली भर दुपार होती. गाडी पुलावरून उतरत होती, दार सताड उघडं, वारा भट्टीसारखा गरम. दारापाशी पांढऱ्या-काळ्या गणवेशातली कॉलेजची पोरगी उभी होती. एका हातात पुस्तकांची पिशवी, दुसऱ्या हातात विसाची नोट पुढे केलेली.

"कुठे जायचं गं?"

"विद्यापीठ, मावशी. परीक्षा आहे. जरा लवकर पोचेल का गाडी?"

"ते आमच्या महाशयांना विचार," बुआलोय ड्रायव्हरकडे मान उडवत म्हणाली. "त्यांना रस्त्यात म्हैस दिसली तरी नमस्कार करून जातात."

"ताई, मागच्या महिन्यात म्हैस नव्हती, तुझी नणंद होती!" थावीन पुढून ओरडला, आणि बसमधले चार जण हसले.

नेमका त्याच वेळी एक मोटरसायकलवाला आडवा घुसला. थावीननं ब्रेक मारला. पोरगी खांबाला धरायला गेली, तिच्या बोटांतून नोट सुटली, फळ्यांच्या जमिनीवरून भुर्रकन दाराकडे सरकली, आणि बुआलोयचा पाय तिच्यावर पडला. थप्प.

वीस बात वाचले. आणि मग तिला समजलं की आपण काय केलंय.

तिनं झटकन पाय उचलला. वाकून नोट घेतली, कपाळाला लावली, एकदा लावली, दोनदा लावली. पण नोटेवर अर्ध्या बुटाचा काळा ठसा उमटला होता आणि तो चेहऱ्यावरूनच गेला होता. तिनं पुसायला अंगठा जिभेकडे नेला, आणि तो ओठांपाशी तसाच थांबला. अगं बाई, आता थुंकी लावणार होतीस?

मघाशी हसलेले चौघेही आता खिडकीबाहेर बघत होते. एका बाईनं पोराचं डोकं धरून दुसरीकडे वळवलं. बघितलंच नाही तर कुणी विचारणार नाही, हा हिशेब सगळ्यांना एकदम सुचला होता.

"मावशी, माझीच चूक," पोरगी घाईघाईनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझ्या हातून सुटली. मला माफ करा." तिनं हातही जोडले. मोठ्या माणसाची अडचण दिसली की ती आपल्या अंगावर घ्यायची, असं चांगल्या घरात शिकवतात. पोरगी चांगल्या घरातली होती.

"तुझी कसली चूक," असं बुआलोय म्हणणार होती. पण तिसऱ्या बाकावरचा चष्मेवाला तिला दिसला. इस्त्रीचा फिकट शर्ट, मांडीवर कागदांची पिशवी, कुठल्याशा कचेरीतला कारकून असावा. त्याच्या हातात मोबाइल उभा धरलेला होता. शूटिंग करत होता की नुसताच धरला होता, देव जाणे. बुआलोयच्या तोंडचं पाणी पळालं.

गेल्या वर्षी डेपोबाहेर तळलेली केळी विकणारी एक बाई होती. तिचं काय झालं ते बुआलोयनं डोळ्यांनी बघितलं होतं. पळणारं नाणं तिनं टाचेनं अडवलं, कुणीतरी मोबाइलवर घेतलं, संध्याकाळी तिच्या गाडीभोवती शंभर माणसं. आधी गुडघ्यावर बसवलं, मग पोलीस घेऊन गेले. नंतर ती बाई कुठे गेली ते डेपोत कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारणाराच उद्या गोत्यात यायचा.

आणि बुआलोयच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. दर चार तासांनी त्याची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठ सोलून निघायची. दुपारी शेजारीण येऊन बदलायची, बाकी सगळं हिनंच. मी आत गेले तर त्याला कोण वळवणार? हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घण घालत होता. सहा महिने? तीन वर्षं? तिला कायदा ठाऊक नव्हता, आणि ठाऊक नसल्यामुळे तो आणखी मोठा वाटत होता.

चष्मेवाला उठला. दांडीला धरत धरत पुढे गेला.

"दादा, चौकातल्या पोलीस चौकीपाशी थांबवा."

थावीननं आरशातून बुआलोयकडे बघितलं. तिनं डोळ्यांनी विनवलं, नको. पण न थांबवून करतो काय? उद्या कुणी म्हटलं, ड्रायव्हरनं गाडी पळवली, तर? त्यालाही दोन पोरं होती. त्यानं थांबवली.

पादचारी पुलाच्या सावलीत चौकी. हवालदार चामनान डबा उघडून भात खात बसला होता. हात पुसत तो गाडीच्या दारापाशी आला. पोट सुटलेला, पन्नाशीचा, बिचारा दमलेला माणूस.

"काय झालं?"

"नोटेवर पाय पडलाय," चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज चक्क कापत होता. "माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, साहेब. पण मी बघितलं. उद्या कुणी असं म्हणायला नको की बघूनही गप्प बसला. मी सरकारी नोकर आहे."

चामनानचा चेहरा पडला. डब्यातला भात थंड होणार हे त्याला कळलं, आणि त्याहून वाईट काय ते पण कळलं. दहा-पंधरा माणसांच्या देखत ऐकलेलं तो ऐकलंच नाही म्हणू शकत नव्हता.

"कुणाचा पाय?"

बुआलोयनं तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं.

"नोट माझी होती, साहेब," पोरगीच पुढे झाली. "माझ्या हातून पडली. चूक माझी."

"मग चल खाली. नोट आण."

पोरगीनं बुआलोयकडे बघितलं. रागानं नव्हे हो, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. आता मावशी बोलेल, अशा भाबड्या नजरेनं बघितलं. बुआलोयनं नोट तिच्या हातात ठेवली. पोरगी पिशवी सावरत उतरली. चष्मेवाल्यानं मान खाली घातली आणि जागेवर जाऊन बसला. थावीननं वाट बघितली. मग बुआलोयनंच घंटी वाजवली, दोनदा, आणि गाडी निघाली.

"सुटलो बाई," मागून एक म्हातारी पुटपुटली.

खरंच, सुंठीवाचून खोकला गेला होता. बुआलोयला एवढं हलकं वाटलं की ती चक्क मोकळ्या बाकावर बसली, जे तिनं ड्यूटीवर कधी केलं नव्हतं. संध्याकाळी घरी जायचं, नवऱ्याला वळवायचं, त्याला पेज भरवायची. पोरीला काय, दोन शब्द सुनावतील नि सोडतील. पोरगी तरुण आहे, शिकलेली आहे. तिला कोण तुरुंगात टाकतंय?

मग तिला चौकीबाहेरचे मोटरसायकलवाले आठवले. नारिंगी जाकिटं घालून भाड्याची वाट बघत बसलेले सहा-सात जण, आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. केळीवालीभोवतीसुद्धा सुरुवातीला असेच सहा-सात होते.

ती बाकावरून उठली.

"मावशी," चष्मेवाला हळूच म्हणाला, तिच्याकडे न बघता. "मला वाटलं तुम्ही बोलाल."

"तुम्ही का नाही बोललात?" ती फणकारली. "तुम्ही तर बघितलं होतंत ना सगळं!"

"भीती वाटली," तो म्हणाला.

बस्स, एवढंच. बुआलोयला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि लगेच लाज वाटली, कारण थोबाडीत कुणाच्या द्यायला हवी होती ते तिला चांगलं माहीत होतं. तिनं घंटी वाजवली.

"आता काय?" थावीन ओरडला.

"थांबव. ही नळी धर."

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? सुटलीस ना? कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेस!"

"धर म्हणते ना!"

नळी त्याच्या मांडीवर टाकून ती उतरली आणि उलट्या दिशेनं धावत सुटली. छप्पन्न वर्षांची बाई, निळ्या गणवेशात, टळटळीत उन्हात. एवढा रस्ता तिनं या गावात कधी पायी कापला नव्हता. डोळ्यांपुढे सारखी ती पोरगी दिसत होती, गुडघ्यावर बसलेली, भोवती माणसंच माणसं. देवा, फार उशीर नको झालेला. चौकीसमोर घोळका दिसला आणि ती लांबूनच ओरडली,

"साहेब! पोरीला सोडा! पाय माझा होता! तिनं काही केलं नाही, पाय माझा होता!"

घोळका वळला. मध्ये चामनान एकटाच उभा होता. पोरगी कुठेच नव्हती.

"कुठे नेलंत तिला?"

"कुठे नेणार?" चामनान दबक्या आवाजात म्हणाला. त्यानं तिचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. "चौकीतल्या राजेसाहेबांच्या तसबिरीपुढे डोकं टेकवायला लावलं, माफी मागायला लावली, आणि याच पोरांपैकी एकाच्या गाडीवर बसवून परीक्षेला धाडली. पाच मिनिटांत मिटवलं होतं हो, मावशी! कागदावर एक अक्षर नाही. आता कशाला आलात तुम्ही?"

बुआलोय मटकन पायरीवर बसली. मिटलं होतं. तिनं तोंड उघडलं नसतं तर खरोखरच मिटलं होतं.

"काय म्हणाली ती?" घोळक्यातून कुणीतरी विचारलं. "पाय कुणाचा होता?"

"परत बोला, मावशी, नीट ऐकू नाही आलं." एकानं मोबाइल वर केला. मग दुसऱ्यानं.

चामनान त्यांच्याकडे पाठ करून तिच्यापुढे वाकला. तोही घाबरला होता. आपण एकीला सोडून दिलं, ती भलतीच निघाली, हे आता त्याच्यावरही शेकणार होतं.

"मावशी, ऐका," तो कुजबुजला. "उन्हानं भोवळ आली म्हणा. घाबरून काहीतरी बोलले म्हणा. पोरगी गेली, तिचं काही वाईट झालं नाही. म्हणा ना."

किती सोपं होतं! बुआलोयनं मानही हलवायला घेतली होती. तेवढ्यात समोरचा मोटरसायकलवाला शेजारच्याला म्हणाला, "मघाचीचं मी सगळं घेतलंय. बघ, डोकं टेकवताना चेहरा किती स्वच्छ आलाय. नाव पण विचारून घेतलं. टाकू का आत्ताच?"

त्यानं मोबाइल तिच्याही पुढे धरला, कौतुकानं. एवढ्याशा काचेत पोरगी गुडघ्यावर होती, गणवेशावरचं कॉलेजचं चिन्ह स्पष्ट दिसत होतं, आणि ती कुणाच्यातरी पायाची माफी मागत होती.

"टाकू नकोस," बुआलोय म्हणाली.

"का?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. आयुष्यात एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती. तिनं त्या दोन मोबाइलांकडे तोंड केलं.

"मावशी," चामनान म्हणाला, "मला लिहावं लागेल हं."

"लिहा," ती म्हणाली. "पाय माझा होता. उजवा."

चामनान चौकीत गेला, डबा बाजूला सारला आणि वही घेऊन आला.