फेडरेशनवरचा माणूस

कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीतून फेडरेशनवर प्रतिनिधी म्हणून कोण जातं, याची वर्षानुवर्षं कुणाला फिकीर नव्हती. आसपासच्या साऱ्या सोसायट्यांचं ते फेडरेशन. पाण्याची, गटारांची भांडणं महापालिकेशी तेच भांडायचं. श्यामसुंदरराव चार वेळा गेले, कारण दुसरं कुणी जाईना. आणि आता ईश्वरी नावाच्या तरतरीत मुलीनं ठराव आणला: सोसायटीतून एका माणसानं दोनदाच जायचं, तिसऱ्यांदा नाही.

बाकीच्यांना तो नुसता एक नियम होता. श्यामसुंदररावांना मात्र तो तसा घेता येईना. बायको गेल्यापासून घरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा केयूर बंगळुरूहून फोन करायचा, तो गोळ्या घेतल्या का एवढं विचारण्यापुरता. पण महिन्यातल्या एका रविवारी फेडरेशनच्या सभेत तळवली, बोनकोड्याची माणसं 'या श्यामसुंदरराव' म्हणत खुर्ची पुढे सरकवायची. तेवढंही गेलं तर माणसानं बोलायचं कुणाशी, मिक्सरशी?

म्हणून ते सोसायटीच्या सभेला कंबर कसून गेले. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस; पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसमोर त्यांनी दहावीचा वर्गच भरवला.

"खासदारानं किती वेळा निवडून यायचं, हे आपली विधानसभा ठरवू शकते का? नाही. संसदेत बसायला कोण पात्र, हे संविधान आणि संसदेचा कायदा सांगतो. राज्याला त्यात आपली अट घुसडता येत नाही. तसंच फेडरेशनवर कोण बसणार, ते फेडरेशनचे नियम ठरवतात. त्यात असली अट नाही. मग सोसायटी कोण लागून गेली?"

ईश्वरी म्हणाली की माणूस आमचा, पाठवणार आम्ही, मग आम्ही का नाही ठरवायचं. ठरवा की, श्यामसुंदरराव म्हणाले, पण मत देऊन. मी नको असेन तर मत देऊ नका. उभंच राहू नका असं मात्र म्हणू नका.

मुद्दा बिनतोड होता. अध्यक्ष अब्दुल्लाभाई मूळचे उरणकडचे, बोलायला रोखठोक. ते म्हणाले, "सर बरोबर बोलतात. ठराव बाद. चला, आता इलेक्शनच करू. सरांचं नाव कोन सुचवतो?"

एकही हात वर झाला नाही. राग म्हणावा तर तोही नाही. रागासाठीसुद्धा ओळख लागते. काका कुठल्या विंगचे, असं मागच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारलं आणि ते श्यामसुंदररावांना ऐकू आलं. साऱ्या कोपरखैरण्याची गटारं त्यांना पाठ होती, पण खालच्या गणपतीच्या आरतीला ते कधी थांबले नव्हते. या निवडणुकीसाठीही त्यांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं, दार एकही वाजवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अब्दुल्लाभाईंनी पुन्हा विचारून पाहिलं, मग मान खाली घातली. ईश्वरीचं नाव मात्र चौघांनी एकदम सुचवलं. श्यामसुंदररावांनीही टाळ्या वाजवल्या.

वर जाताना लिफ्टमध्ये ती भेटली. मनानं चांगली पोरगी.

"काका, तुमचा पॉइंट एकदम करेक्ट होता हां. खासदारांचं मला माहीतच नव्हतं." तिनं आपलं सातव्या मजल्याचं बटण दाबलं. "तुमचा कितवा?"

"सातवाच."

"अय्या, आमच्याच मजल्यावर? कुठला फ्लॅट?"

"तुमच्या समोरचा," श्यामसुंदरराव म्हणाले आणि खिशातली किल्ली चाचपू लागले.