रघुवीरच्या रिव्हॉल्व्हरची पाटी

सकाळपासून तिसऱ्यांदा समजावून वरदाचा घसा सुकला होता, आणि सतीशकाका तिसऱ्यांदा म्हणत होते की काडतुसं आत नीट बसतात, मग अडचण काय?

वरदा इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्या म्युझियममध्ये वस्तूंच्या नोंदी करायची. काका तिथले ट्रस्टी. त्यांचा मित्र रघुवीर हिवाळ्यात गेला, तेव्हा त्याच्या मुलीने, रश्मीने, त्याचं जुनं रिव्हॉल्व्हर म्युझियमला दिलं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तसलं. आज काकांनी तंबाखूच्या डब्यातून पाच काडतुसं आणली होती. ती शेजारी मांडून पाटीवर ‘मूळ काडतुसं’ असं लिहा, हा त्यांचा हट्ट.

वरदाने व्हर्निअर कॅलिपरने मोजून पाहिलं होतं. जाडी तीच, पण ही काडतुसं या रिव्हॉल्व्हरच्या मूळ काडतुसांपेक्षा तीनेक मिलिमीटर जास्त लांब, बऱ्याच वर्षांनी निघालेली आणि जास्त जोराच्या दारूची. याच मापाच्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं आखूड काडतूस चालतं. जुन्यात नवं लांब चालत नाही. नव्या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये प्रत्येक काडतुसाच्या घरात आत एक पायरी असते, मापाहून लांब काडतूस तिथे अडतं. याची सहाही घरं नळासारखी आरपार सरळ. अडवायला काहीच नाही, म्हणून लांब काडतूसही बसतं, पण उडवलं तर घर फुटू शकतं.

हे सगळं चाळीस वर्षं कारखान्यात टूलमेकर असलेल्या माणसाला सांगावं लागतंय, याचाच तिला जास्त वैताग आला होता. त्यात काडतुसं जिवंत, आणि ती विनापरवाना बाळगणं इथे गुन्हा. पोलिसांच्या नंबरवर ती पस्तीस मिनिटं होल्डवर होती, आणि अखेर उचललेल्या बाईंनी कुणी जखमी आहे का, हे दोनदा विचारलं.

पोलिसांची गाडी येईपर्यंत फोटो तरी काढावेत म्हणून तिने सिलिंडरमध्ये टॉर्च मारला. एका घराची भिंत फुगून तडकली होती.

"काका, यातून असलंच एक लांब काडतूस उडवलेलं आहे."

काका खुर्चीत बसले.

"त्र्याऐंशी साली," ते म्हणाले. "एका शेतात. रघूची दोन बोटं गेली. कारखान्यात प्रेसखाली गेली असं सगळ्यांना सांगितलं. रश्मीच्या आईलासुद्धा."

"मग मूळ काडतुसं असं का लिहायचंय तुम्हाला?"

"मूळ असली, तर दोष बंदुकीचा." त्यांनी चष्मा काढला. "ही काडतुसं मी आणली होती, वरदा. न मोजता."

वरदाने चहा केला, साखर घालायची विसरली, आणि त्यांनी तो तसाच प्यायला.

चारच्या सुमारास दोन पोलीस डबा न्यायला आले. काकांनी त्यांना आपलं नाव, पत्ता आणि त्र्याऐंशी सालची हकीकत न विचारता सांगितली. मग वरदाकडे वळून म्हणाले, "दोन्ही काडतुसांची मापं कागदावर लिहून दे. शनिवारी नॉटिंगहॅमला रश्मीकडे जातो. तिला नीट समजावून सांगायला हवं."